रत्नागिरीत नव्याने राहायला आलात? मग शहर असं बघा

बँकेत बदली, झेडपीच्या शाळेत नेमणूक, सिव्हिलला ड्युटी, नाहीतर पोरांचं कॉलेज, अशा काही ना काही निमित्ताने दरवर्षी बरेच जण रत्नागिरीत राहायला येतात. पहिल्या दोन रविवारात थिबा पॅलेस, किल्ला, भाट्ये असं सगळं उरकून टाकतात आणि तिसऱ्या रविवारी विचारतात, आता काय बघायचं इथे, संपलं की सगळं. पुण्यामुंबईकडून आलेल्यांचं तर ठरलेलं रडगाणं असतं, रात्री नऊनंतर इथे काहीच नसतं म्हणून. अहो असतं, पण ते कुठल्या महिन्यात, कुठल्या तिथीला आणि कुठल्या वेळेला असतं ते माहीत पाहिजे. इथे ठिकाणांची यादी घेऊन फिरलात तर दोन दिवसात शहर संपतं आणि वेळ धरून फिरलात तर वर्ष पुरत नाही. म्हणून हे सगळं वेळेच्या हिशोबाने लिहितोय, जमेल तसं एकेक करत जा.

आधी रस्ता डोक्यात बसवा

पहिल्या आठवड्यात गाडी काढूच नका. रत्नागिरी शहर म्हणजे जवळजवळ एकच लांब रस्ता आहे जो वर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, सुरू होतो आणि खाली समुद्रात जाऊन संपतो. हातखंब्याला हायवे सोडला की कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ, एसटी स्टँड आणि मग पुढे गोखले नाका, राम आळी असं करत करत मांडवी. एवढी नावं क्रमाने पाठ झाली की तुम्ही निम्मे रत्नागिरीकर झालात, कारण पत्ता विचारला की कोणीही रोडचं नाव सांगत नाही, 'माळनाक्यावरून खाली उतरा' असंच सांगणार. रेल्वे स्टेशन गावात नाही, कुवारबावच्या बाजूला लांब आहे, तेव्हा रात्रीच्या गाडीने येणार असाल तर रिक्षाचं आधी बघून ठेवा आणि भाडं विचारूनच बसा. शहरातल्या सिटी बस रहाटाघर स्टँडवरून सुटतात, लांबच्या एसटी मेन स्टँडवरून, ही गल्लत नवीन माणूस हमखास करतो आणि बॅगा घेऊन एका स्टँडवरून दुसऱ्यावर पळत सुटतो.

राम आळीत संध्याकाळी फोरव्हीलर घालायची नाही. याच्यावर जास्त काही बोलत नाही, एकदा घालून बघा.

मग भिंतीवर कॅलेंडर टांगा, तिथीवालं

समुद्राच्या गावात राहायचं तर भरती-ओहोटी कळली पाहिजे आणि त्याला कुठलं ॲप लागत नाही. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. म्हणजे आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तर साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमी असेल तर सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षात परत एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळणार नाही पण फिरायला जायचं की नाही एवढं ठरवायला भरपूर झालं. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं, अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

याचा उपयोग काय, तर भाट्याची लांबलचक वाळू चालायला मिळते ती ओहोटीला. भरतीला गेलात तर सुरूच्या बनाला चिकटून चालावं लागतं आणि मग लोक म्हणतात बीच छोटाच आहे की. पण ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरायचं नाही, पाणी आत ओढतं. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी तर अजिबातच नको, वरून पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ असते. आरे-वारे आणि गणपतीपुळ्याला पण दरवर्षी माणसं बुडतात, बहुतेक सगळी बाहेरगावची, पट्टीची पोहणारी सुद्धा. गावातला माणूस जिथे पाण्यात जात नाही तिथे आपण पण जायचं नाही, एवढा साधा नियम ठेवा.

सकाळ मिरकरवाड्याची

शहराची खरी ओळख करून घ्यायची असेल तर एकदा भल्या सकाळी मिरकरवाडा बंदरावर जा, मासे खात नसाल तरी जा. पायात रबरी चप्पल घाला, बूट घालून गेलात तर घरी आल्यावर बूट बाहेरच राहतील. जेट्टीवर पाणी, बर्फाचा चुरा, खवले सगळं एकत्र झालेलं असतं, घसरायला होतं. बोटी लागल्या की टोपल्या, क्रेट वर येतात, लगेच भोवती घोळका होतो आणि लिलाव सुरू. बोली इतक्या भरभर जाते की पहिल्यांदा काही म्हणजे काही कळत नाही, कोण बोलतोय आणि माल कोणाला गेला हेच समजायच्या आत टोपली उचलून टेंपोत गेलेली असते. मध्ये उभं राहून व्हिडिओ काढू नका, ती लोकं कामात असतात आणि डोक्यावर वजन घेऊन येणाऱ्याला वाट द्यायची असते. बाजूला कडेला उभं राहून बघा, कोणी काही बोलत नाही.

घरच्यासाठी घ्यायचं तर लिलावात पडू नका, मार्केटात बसणाऱ्या मावशांकडून घ्या. तिथे छोटी मासळी किलोवर नाही, वाट्यावर मिळते. बांगडे, सौंदाळे, मांदेली असे वाटे लावून ठेवलेले असतात. बसून, म्हणजे खरोखर उकिडवं बसून, कल्ला उचलून बघायचा, आतून लालभडक पाहिजे. डोळा तुकतुकीत पाहिजे, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. 'मावशी, वाटा कसा लावलात?' म्हणून विचारायचं, थोडी घासाघीस करायची, पण फार ताणायचं नाही. मावशी भावात थोडं तरी उतरतात नाहीतर वाट्यावर एखादा बांगडा टाकतात, आणि तो टाकलेला बांगडा घेऊन गप्प निघायचं असतं. पुढच्या वेळी त्याच मावशीकडे गेलात की तिसऱ्या खेपेला ती स्वतःच सांगेल, आज हे घेऊ नका, कालचं आहे. अशी एक मावशी जोडली की निम्मं काम झालं. सोमवार, गुरुवार, संकष्टी असली की गिऱ्हाईक कमी असतं आणि भाव जरा नरम असतो, तुम्ही वार पाळत नसाल तर तेव्हा जा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसात खाडीची मासळी, पहिल्या पावसातले चढणीचे मासे आणि सुकी मासळी. मेमध्येच सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सुकट, बोंबील भरून ठेवतात लोक, तुम्ही पण ठेवा. सोड्यांचा भाव ऐकून दचकू नका, पावशेर पुष्कळ होतात.

दुपार जुन्या वास्तूंना द्या

दुपारी एक ते चार गाव झोपतं, बरीच दुकानं बंद. उकाड्यात बाहेर भटकण्यापेक्षा छपराखाली बघण्यासारखं बघून घ्या, फक्त सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं सोमवारी बहुतेक बंद असतात.

थिबा पॅलेस सगळे बघतात पण पंधरा मिनिटात बाहेर येतात. आधी गोष्ट माहीत करून घ्या. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि त्याला उचलून आधी मद्रासला आणि १८८६ ला रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला १९१० साली, म्हणजे चोवीस वर्षं तो दुसरीकडे राहिला आणि राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं, १९१६ च्या डिसेंबरात वारला. लाल रंगाची तीनमजली इमारत, लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या, वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन. त्या वरच्या खिडकीशी उभं राहून बाहेर बघा आणि विचार करा, राजा माणूस, आयुष्याची तीस वर्षं परक्या गावात, भाषा येत नाही, पाऊस एवढा. बदली होऊन आलोय म्हणून रडणाऱ्यांनी तर हे दालन जरूर बघावं. त्याची समाधी शिवाजीनगर भागात आहे, तिकडे कोणी फिरकत नाही, पण २०१२ साली म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले होते.

टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे, कौलारू घर, अंगण, मागे झाडं. फोटो आणि कागदपत्रं तर आहेतच, पण मला विचाराल तर घर म्हणून बघा, एकोणिसाव्या शतकातलं कोकणातलं घर कसं असायचं ते इथे कळतं, आता गावोगाव स्लॅब पडल्यामुळे असं घर शोधून सापडत नाही. तिथून पतितपावन मंदिराकडे जा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात १९३१ साली हे मंदिर झालं, सगळ्या जातींच्या हिंदूंना आत प्रवेश असलेलं, आणि पैसा उभा केला भागोजीशेठ कीर यांनी. हेच ते भागोजीशेठ ज्यांचं नाव दादरच्या स्मशानभूमीला आहे, मूळचे इथलेच, गरिबीतून वर आलेले.

पोरं बरोबर असतील तर झाडगावचं मत्स्यालय चुकवू नका. कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात आहे, रंगीत मासे आहेतच पण देवमाशाचा आख्खा सांगाडा आहे, पोरं तिथून हलत नाहीत.

ऊन उतरलं की वर चढायचं, मग खाली उतरायचं

बागा म्हणाल तर या गावात मोठ्या बागा नाहीत, ती अपेक्षा ठेवून येऊ नका. थिबा पॉइंटला जिजामाता उद्यान आहे, तिथून खाली भाट्याची खाडी, पूल, राजिवड्याची वस्ती, नारळाच्या बागा आणि पलीकडे समुद्र असं सगळं एका नजरेत येतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, थंडीत सहाच्या आसपास आणि मेमध्ये सातला सूर्य बुडतो. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि वेफर्सची पाकिटं लोक तिथेच टाकून जातात, त्याचा मला प्रचंड राग आहे. मंगळवार-बुधवार धरा.

रत्नदुर्गासाठी वेगळी संध्याकाळ काढा. घोड्याच्या नालासारखा आकार, तिन्ही बाजूंनी समुद्र. एका टोकाला बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. वरपर्यंत गाडी जाते त्यामुळे लोक देवीला नमस्कार करून, एक सेल्फी घेऊन परत येतात. तुम्ही तसं करू नका, तटावरून चालत फिरा, एका बाजूला खाली मिरकरवाडा बंदर आणि संध्याकाळी निघालेल्या बोटी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. दीपगृह संध्याकाळी थोडा वेळ लोकांसाठी उघडतात, वेळ आधी विचारून ठेवा. नवरात्रात इथे पहाटेपासून रांग असते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, ओल्या जांभ्यावर पाय सरकला की सावरायला वेळ मिळत नाही.

रोजच्या संध्याकाळीला मात्र मांडवी. वाळू काळी, तिला काळा समुद्र म्हणतात, आणि मिऱ्याकडचा तो पांढरा समुद्र. मांडवीची जेट्टी, भेळवाले, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, कठड्यावर बसलेली कॉलेजची पोरं, सगळं गाव तिथे येतं. आठवड्यातून चारदा जाऊन बसलात की माणसं ओळखायला लागतात आणि 'कुठले तुम्ही?' ने सुरुवात होते. याचं उत्तर फक्त जिल्हा सांगून संपत नाही, गाव, तालुका, आडनाव, तिथे आमचे अमुक आहेत ते माहीत आहेत का, इथपर्यंत जातं. कंटाळू नका, खोलीवाला, कामवाली, आंबेवाला सगळे इथूनच मिळतात.

रात्रीचं काय

पब, डिस्को वगैरे विसरा. हॉटेलं दहाच्या सुमाराला आवरायला लागतात, नंतर स्टँडच्या आसपास चहा मिळाला तर मिळाला. पण या जिल्ह्याइतकं रात्रभर जागणारं गाव मी तरी पाहिलेलं नाही, फक्त ते जागतं ते हंगामाप्रमाणे.

दिवाळीनंतर स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रावरची फेरी असते. हौशी संघ, तिकीट नाममात्र, रोज एक नाटक. काही फसतात, काही असे रंगतात की व्यावसायिकवाले बघत राहतील. प्रेक्षक मात्र कडक, नाटक पडलं तर मध्यंतरातच टपरीवर चिरफाड सुरू. त्या टपरीवर उभं राहून ऐका, नाटकाइतकीच करमणूक. जानेवारीत थंडी पडली की थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो, मोकळ्या आभाळाखाली, शाल घेऊन जा.

जानेवारी ते मे रात्रीचे क्रिकेट सामने. वाडीवाडीत लाइट लावून टेनिस बॉलच्या स्पर्धा, बक्षीस रोख रक्कम व चषक, आणि माइकवर मराठीतून कॉमेंट्री जी ऐकायला म्हणून लोक येतात. खेळ कळत नसेल तरी जा, कोंबडीवडे मिळतात.

आणि नमन, म्हणजे इथलं लोकनाट्य. शिमग्यापासून पुढे मेपर्यंत, देवळाच्या पटांगणात, कोणाच्या पूजेनिमित्त, कुठे ना कुठे असतंच. नाक्यावर बोर्ड लागतो 'रात्रौ ठीक १० वाजता', त्याचा अर्थ साडेअकरा. जेवून, अंगावर काहीतरी घेऊन, बसायला सतरंजी नेऊन आरामात जा. आधी मृदंग, मग गण, गवळण, त्यात गवळणींची मावशी येऊन कृष्णाला सुनावते आणि गावातल्या सरपंचापासून सगळ्यांना चिमटे काढते, मग संकासुर, काळा वेष, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, पुढे बसलेली पोरं किंचाळत मागे पळतात आणि लगेच परत पुढे येतात. त्यानंतर वगनाट्य, ते पहाटेपर्यंत. सगळं कळणार नाही, बोलीभाषा वेगळी आहे, पण शेजारचा माणूस न विचारता समजावून सांगतो. गणपतीच्या दिवसात जाखडी, म्हणजे बाल्या नाच, त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पक्षांचे सवाल-जवाब चालतात, गोल धरून पोरं जी नाचतात ती घामाने निथळेपर्यंत थांबत नाहीत.

सण चुकवू नका, रजा आधीच टाका

नवीन माणूस हमखास चूक करतो ती म्हणजे गणपतीत आपल्या गावी निघून जातो. जायचंच असेल तर जा, पण एक वर्ष तरी इथे राहा. मुंबईतलं अर्धं कोकण इथे उतरतं, गाड्यांना लटकायला जागा नसते, बाजारात चालता येत नाही. इथे गणपती घरोघरचा, मांडवाचा थाट कमी. संध्याकाळी वाडीतली माणसं घराघरात आरत्या म्हणत फिरतात, शेजाऱ्यांनी बोलावलं तर नक्की जा आणि झांज हातात दिली तर घ्या, ताल चुकला तरी चालतो. बोलावणं आलं नाही तरी आरतीच्या आवाजाच्या दिशेने गेलात तर दारातून कोणी परत पाठवत नाही.

शिमगा हा त्याच्याहून मोठा. रत्नागिरीचं ग्रामदैवत श्री देव भैरी, खालच्या आळीत देऊळ आहे, बारा वाड्यांचा देव म्हणतात. पालखी बाहेर पडते, ढोल-ताशे, रात्रभर मिरवणूक, घराघरापुढे ओवाळणी. पालखी तुमच्या दारी येणार असेल तर शेजारच्या काकूंना विचारून ठेवा काय तयारी लागते, नारळ-ओटी वगैरे, प्रत्येक वाडीची रीत वेगळी. फोटो काढा पण पालखीच्या आडवे जाऊ नका. याशिवाय कार्तिकी एकादशीला विठ्ठल मंदिराकडची गर्दी आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ, हे दोन दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

गाव पाठ झालं की बाहेर

आरे-वारे मार्गे गणपतीपुळे हा रस्ता दुचाकीवरून करा, समुद्र वळणावळणाला खाली दिसतो. पुळ्याच्या पुढे मालगुंड, कवी केशवसुतांचं गाव, त्यांचं स्मारक आहे. दुसऱ्या बाजूला भाट्याचा पूल ओलांडून पावस. पण माझं मत विचाराल तर पाहुण्यांना समुद्र दाखवून झाला की सड्यावर न्या. उक्षी, कशेळी, चवे, जांभरुण इथे कातळावर कोरलेली चित्रं आहेत, कशेळीचा हत्ती तर साधारण अठरा मीटर लांब, आत बरेच प्राणी कोरलेले. या कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झालाय. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा, तेव्हा रेघांत सावली पडून चित्र उठून दिसतं, भर दुपारी नुसता तापलेला दगड. चपला घालून रेघांवर चालायचं नाही आणि ठळक दिसावं म्हणून खडूने रेघा ओढायच्या नाहीत, असे महाभाग आहेत म्हणून सांगतोय. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर त्याच सड्यावर सीतेची आसवं फुललेली असतात, निळी-जांभळी चादर. गावात कोणाला तरी विचारून, सांगून जा, जमीन खासगी मालकीची असते.

एसटीने जाणार असाल तर उतरल्या उतरल्या पहिलं काम कंडक्टरला परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारायचं, बोर्डावरच्या वेळेवर जाऊ नका. आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच नातेवाईकांचे फोन यायला लागतील, 'तुम्ही रत्नागिरीत आहात, पेटी पाठवा'. त्यांना मे उजाडू दे म्हणून सांगा, मार्चातला हापूस आपल्या पगारात बसत नाही, मेच्या मध्याला भाव उतरतो. तोपर्यंत मांडवीवर ओळख झालेल्यांपैकी कोणाची ना कोणाची बाग निघतेच, सरळ त्याच्याकडून घ्या, गवतात घातलेला, थोडा कच्चाच.